दारात आलेली गाभण मांजर, आणि दूध-भाकरीचं काय चुकतं

एप्रिलच्या सुरुवातीला सेलूच्या आमच्या जुन्या घरात, जिन्याखाली जिथं पूर्वी कडबा रचलेला असायचा तिथं, एक भुरी मांजर येऊन बसायला लागली. पोट दोन्ही अंगांनी सुटलेलं, पण पाठीचे मणके मोजता यावेत इतकी वाळलेली. आईनं एकदाच वाकून पाहिलं अन् म्हणाली, "गाभण हाय गं ती. हाकलू नको. दूध-भाकरी कुस्करून ठिव." ठेवली. मांजरीनं वरचं दूध चाटलं, भाकरी तशीच सोडली आणि दुसऱ्या दिवशी तिला पातळ हगवण लागली. मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, चमचाभर तूप घाल. एका मावशींनी डिंकाचा लाडू पाठवला. गल्लीतल्या एका दादांनी म्हशीला पाजतात ती कॅल्शियमची बाटली आणून दिली, "दोन झाकणं पाज, पिल्लं दणकट होतेत."

सगळ्यांचा जीव त्या मांजरीसाठी तुटत होता, आणि सगळ्यांचे सल्ले चुकीचे होते. गाभण जनावराला काय लागतं हे मराठवाड्यात घरोघरी ठाऊक असतं, पण ते सगळं गाई-म्हशींवरून, शेळ्यांवरून शिकलेलं. नाहीतर घरच्या बाळंतिणीवरून. मांजराचं शरीर या दोन्हींपेक्षा वेगळं चालतं. त्यानंतर दर उन्हाळ्यात ओळखीच्या घरांतून मला हेच प्रश्न विचारले जातात, म्हणून एकदा सगळं नीट लिहिते.

## ती खरंच गाभण आहे का?

फुगलेलं पोट म्हणजे पिल्लंच, असं नाही. रस्त्यावरच्या मांजरांच्या पोटात जंत झाले तरी पोट नगाऱ्यासारखं दिसतं, आणि काही आजारांत पोटात पाणी साठतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे सड. गर्भ राहून साधारण तीन आठवडे झाले की मांजरीचे सड गुलाबी आणि ठसठशीत होतात, पहिल्या वेताच्या मांजरीत तर हा फरक लगेच नजरेत भरतो. पोट पाचव्या आठवड्यानंतर दिसायला लागतं. शेवटच्या दोन आठवड्यांत ती शांत पडलेली असताना पोटाच्या कातडीखाली हालचालही दिसते.

पोट दाबून पिल्लं मोजायचा प्रयत्न मात्र करू नका. गर्भाला इजा होऊ शकते. खात्री हवी असेल तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून सोनोग्राफीत कळतं, आणि दीड महिन्यानंतर एक्स-रेमध्ये पिल्लांची हाडं दिसतात, त्यामुळे आकडाही समजतो. हा आकडा व्यायच्या रात्री फार कामाला येतो.

आणखी एक गोष्ट आधीच करावी: चार घरं विचारून यावं. ती कुणाची पाळलेली, वाट चुकलेली असू शकते.

## गाईचे नऊ महिने, मांजरीचे नऊ आठवडे

गाय सुमारे २८० दिवस गाभण असते, म्हैस ३१० च्या आसपास, शेळी १५०. मांजर ६३ ते ६५ दिवसांत व्यायते, दोन-चार दिवस इकडेतिकडे. गाईच्या नऊ महिन्यांचं काम मांजरीला नऊ आठवड्यांत उरकायचं असतं, आणि तेही एका वासराचं नाही, बहुधा तीन ते पाच पिल्लांचं. म्हणून तिच्याकडे एक दिवस दुर्लक्ष झालं तरी त्याचा हिशेब मोठा होतो. तुमच्या नजरेला पोट दिसेपर्यंत निम्मा काळ संपलेला असतो.

याच पिल्लांबद्दल लोकांना नवल वाटतं: एका वेताची, पण एक पांढरं, एक काळं, एक ठिपक्यांचं कसं? मांजरीचं बीज आपोआप ठरल्या तारखेला सुटत नाही. बोक्याशी संग झाला की त्यानंतर सुटतं. एकाच माजात ती दोन-तीन बोक्यांपासून गाभण राहू शकते. भावंडं एकाच आईची, बाप वेगळे.

## दूध-भाकरीनं तिचं का भागत नाही

गाय कडबा खाते आणि दूध देते, कारण तिच्या पोटात कोट्यवधी सूक्ष्मजीवांचा कारखाना असतो. ते कडब्याचं रूपांतर शक्तीत आणि प्रथिनांत करतात. माणूस वरण-भात, भाकरी, भाजी, जे मिळेल त्यातून गरजेची पुष्कळ द्रव्यं शरीरातच घडवून घेतो. मांजरीच्या घरात यातली बरीच यंत्रं बसवलेलीच नाहीत. ती हजारो वर्षं उंदीर, पाखरं, सरडे खात आली. तयार माल रोज शिकारीतून मिळत होता, तेव्हा स्वतः बनवायची गरज पडली नाही.

या तयार मालातलं सगळ्यात महत्त्वाचं द्रव्य टॉरिन. हे प्रथिनांच्या कुळातलं एक द्रव्य आहे आणि ते फक्त मांस, मासे अशा प्राणिज अन्नातून पुरेसं मिळतं. मांजरीचं शरीर ते गरजेइतकं बनवू शकत नाही, आणि पित्तावाटे रोज थोडं गमावतं. १९८७ साली कॅलिफोर्नियातले पशुवैद्यक पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की आहारात टॉरिन कमी पडलं की मांजरांचं हृदय फुगून दुबळं होतं, आणि टॉरिन दिल्यावर ते पुष्कळ सुधारतं. टॉरिन नसेल तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हेही माहीत आहे. गाभण मांजरीत याचा परिणाम थेट पिल्लांवर: गर्भ पोटातच जिरतात, मेलेली पिल्लं होतात, जगली तरी वजन भरत नाही. ज्वारीच्या भाकरीत टॉरिन नाही. डाळीत नाही. तुपात नाही, डिंकात नाही. गाईच्या दुधातही नगण्य.

गाजराचंही तसंच. गाजरातल्या रंगद्रव्यापासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, मांजरीचं बनवू शकत नाही. तिला ते प्राणिज अन्नातून तयारच लागतं.

आता दूध. "मांजर डोळे मिटून दूध पिते" ही म्हण इतकी अंगवळणी पडली आहे की दूध हेच मांजराचं अन्न असं आपण धरून चालतो. दुधातल्या साखरेला लॅक्टोज म्हणतात. ती पचवणारा पाचकरस पिल्लाच्या पोटात भरपूर असतो. आईचं दूध तुटलं की तो घटत जातो. मोठ्या मांजरीला दूध आवडतं ते त्यातल्या स्निग्धांशामुळे, पण साखर न पचता पुढं सरकते आणि हगवण लागते. एप्रिल-मेच्या उन्हात गाभण मांजरीला हगवण म्हणजे अंगातलं पाणी जाणं, आणि ते तिला परवडत नाही. आमच्या जिन्याखालच्या मांजरीचं नेमकं हेच झालं होतं.

## मग ताटलीत काय वाढायचं?

सगळ्यात सोपं आणि भरवशाचं उत्तर: मांजराच्या पिल्लांसाठी मिळतं ते कोरडं किंवा ओलं पाकिटातलं खाद्य. पाकिटावर "किटन" असा शब्द बघून घ्या. गाभण मांजरीला पिल्लांचं खाद्य कशाला, असं सगळे विचारतात. वाढत्या पिल्लाला जशी जास्त प्रथिनं, जास्त शक्ती, जास्त कॅल्शियम लागतं, तशीच ती पिल्लं पोटात वाढवणाऱ्या मांजरीलाही लागते. आपण गाभण गाईला शेवटच्या दोन महिन्यांत खुराक वाढवतो, सरकीची पेंड देतो, तसाच हा तिचा खुराक. कुत्र्याचं खाद्य याच्या जागी चालत नाही, त्यात मांजरीपुरतं टॉरिन असेलच असं नाही.

जालना, बीड, नांदेड अशा शहरांत हे पाकीट सहज मिळतं. खेड्यात नसेल तर घरचं असं करता येईल: बिनहाडाचं कोंबडीचं मांस पाण्यात उकडून बारीक तोडायचं आणि ज्या पाण्यात उकडलं ते पाणीही त्यातच घालायचं, कारण टॉरिन पाण्यात उतरतं. छातीच्या मांसापेक्षा मांडीचं मांस आणि कोंबडीचं काळीज, म्हणजे हृदय, यांत टॉरिन जास्त असतं. खाटकाकडे ते स्वस्तात मिळतं. सोबत उकडलेलं अंडं. चमचाभर भात घातला तर हरकत नाही. मीठ, हळद, तिखट, फोडणी काहीच नाही.

आपल्या कालवणातला रस्सा किंवा उरलेलं मटण का नको, याचं कारण नुसतं तिखट नाही. कांदा आणि लसूण मांजरीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चा असो, शिजवलेला असो, वाटणात असो, परिणाम तोच. गाभण मांजरीचं रक्त आधीच वाटलं जात असतं, त्यात ही भर. शिजवलेली हाडंही देऊ नका, ती चिरफळ्या होऊन फुटतात आणि आतडं फाडू शकतात. यकृत, म्हणजे कलेजी, आठवड्यातून एखाद-दोन छोटे तुकडे पुरे. रोज दिली तर अ जीवनसत्त्व अंगात साठून गर्भालाच बाधतं. गोदावरीतले किंवा तलावातले मासे द्यायचे तर काटे काढून, उकडून. खारवलेली सुकट नको.

किती द्यायचं? तीन किलोच्या मांजरीला एरवी दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी पुरतात. १०० ग्रॅम उकडलेल्या चिकनमध्ये दीडशेच्या वर असतात, एका अंड्यात ७० च्या आसपास. गाभणपणाच्या शेवटी तिची गरज हळूहळू दीडपट होते, आणि पिल्लं अंगावर पीत असताना दुप्पट ते तिप्पट, पिल्लं जास्त असतील तर त्याहूनही पुढं. म्हणजे खरा खुराक व्यायल्यानंतर लागतो. बरीच घरं इथंच चुकतात: पोटुशी असताना लाड करतात आणि पिल्लं झाली की सगळ्यांचं लक्ष पिल्लांकडे जातं.

शेवटच्या आठवड्यांत पोटात जागा उरत नाही, म्हणून दोन मोठ्या जेवणांऐवजी चार-पाच वेळा थोडंथोडं द्या. ओलं अन्न उन्हाळ्यात अर्ध्या-पाऊण तासात उचलून टाका. मुंग्या लागत असतील तर पसरट ताटलीत पाणी घालून मधे वाटी ठेवायची, आजी दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची तसं.

फक्त मांसावर नऊ आठवडे आणि वर दोन महिने काढणं मात्र बरोबर नाही. बिनहाडाच्या मांसात कॅल्शियम फार कमी असतं. रानातली मांजर उंदीर हाडांसकट खाते, तिचं कॅल्शियम तिथून येतं. म्हणून जमेल तितका पाकिटाचा वाटा ठेवाच.

## मग ती कॅल्शियमची बाटली का नको?

मांसात कॅल्शियम नाही म्हणता आणि बाटलीही नको म्हणता, असं तुम्ही विचाराल. कॅल्शियम हाडांतून रक्तात आणणारी एक यंत्रणा शरीरात असते. गाभणपणात बाहेरून भरमसाट कॅल्शियम पाजलं की ती यंत्रणा सुस्तावते. मग पिल्लं झाल्यावर दूध एकदम वाढतं, कॅल्शियमची मागणी भडकते, आणि सुस्तावलेली यंत्रणा पुरवू शकत नाही. विहिरीची मोटर महिनोन्महिने बंद ठेवून ऐन पेरणीत बटण दाबावं तसं. गाई-म्हशींत याच तऱ्हेचा दुग्धज्वर शेतकऱ्यांनी पाहिलेला असतो. मांजरीत तो व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसू शकतो: अंगाला थरथर, पाय ताठ, धाप, चालताना झोकांड्या. अशी लक्षणं दिसली तर तासाभराचीही वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

## आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही, तर?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि तो अगदी रास्त आहे. ज्या घरात मांसाहार नाही त्या घरात कुणी तो शिजवावा असं मी म्हणणार नाही. कोरड्या खाद्याचं पाकीट शिजवावं लागत नाही, स्वयंपाकघरात न्यावं लागत नाही. अंगणात वेगळी वाटी ठेवली की झालं. तेही नको असेल तर गल्लीतल्या दुसऱ्या घराशी बोलून वाटणी करा: पाणी, जागा, देखरेख तुमची, खाणं त्यांचं. आमच्या गल्लीत एका काकूंनी असंच केलं, रोज फक्त पाण्याची वाटी बदलली आणि दुपारी दार लोटून गारवा राखला. त्या मांजरीच्या जगण्यात त्यांचा वाटा लहान नव्हता. पण "आमच्याकडे राहायचं तर दूध-पोळीवर राहील" हे मांजरीच्या बाबतीत होत नाही.

## पाणी आणि ऊन

परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. तीन किलोच्या मांजरीला अन्नातलं धरून दिवसाला दीडशे-दोनशे मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे जेमतेम एक पेला. दूध पाजताना याहून जास्त. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पाण्याची किंमत आपल्याला कुणी सांगायला नको. तरी एक पेला पाणी कुठल्याही घरातून निघतो. मातीचं पसरट भांडं सावलीत, खाण्याच्या वाटीपासून थोडं दूर ठेवा. मांजरं खाण्याला लागून ठेवलेलं पाणी कमी पितात असा माझा अनुभव आहे.

पत्र्याची खोली दुपारी भट्टी होते. तिथं मांजर ठेवू नका. जुनं माळवदाचं, म्हणजे मातीच्या जाड छताचं, घर असेल तर त्याच्याइतकी चांगली बाळंतिणीची खोली नाही. मांजर कुत्र्यासारखी जीभ काढून धापा टाकत नाही. ती तोंड उघडून धापा टाकताना दिसली तर उष्माघात समजा, सावलीत घ्या, साध्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं अंग पुसा आणि डॉक्टरांना फोन करा. बर्फाचं पाणी ओतायचं नाही.

## तिला कशी जागा हवी असते

व्यायच्या आठवडाभर आधीपासून मांजर कोपरे हुंगत फिरते. कपाट, बळद, कडब्याची गंजी, पलंगाखालची पेटी. तिला अंधार, आडोसा आणि निवांतपणा हवा असतो. पुठ्ठ्याचं मोठं खोकं आडवं ठेवा किंवा एका बाजूनं कापा. उंबरा वीतभर ठेवा, म्हणजे माय सहज आत-बाहेर करेल पण पिल्लं घरंगळून बाहेर येणार नाहीत. खाली वर्तमानपत्राचे थर, त्यावर जुनं सुती धोतर किंवा नऊवारीचा तुकडा. खताचं किंवा बियाण्याचं रिकामं पोतं अंथरू नका, त्यातलं औषध पिल्लांच्या कातडीवाटे अंगात जातं. शौचासाठी घमेल्यात वाळू किंवा माती, खोक्यापासून लांब.

तुम्ही मांडलेली जागा ती नाकारील हेही धरून चाला. आमच्या मांजरीनं मी सजवलेलं खोकं सोडून आईच्या लुगड्यांच्या ट्रंकेमागची फट निवडली. मी खोकं उचलून तिथंच सरकवलं, मग ती गेली.

ती बुजरी असेल, हात लावू देत नसेल तर तिला कोंडू नका. कोंडलेली रानटी मांजर खाणं सोडते, स्वतःला इजा करून घेते. दार किलकिलं ठेवा, ठरल्या वेळी खाणं ठेवा आणि बाजूला व्हा.

## घरातल्या ज्या वस्तूंनी जीव जातो

पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते. आपलं यकृत ज्या रस्त्यानं ते औषध निकामी करतं, तो रस्ता मांजरीच्या यकृतात जवळपास बंद असतो. "अंग गरम लागतंय, अर्धी गोळी द्यावी का" या विचाराला जागाच नको. तसंही मांजरीचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियस असतं. आपल्या हाताला ती गरमच लागणार.

दुसरी वस्तू फिनेल. माय-पिल्लांची जागा स्वच्छ राहावी म्हणून लोक रोज फिनेलनं पुसतात. फिनेलमधली फिनॉलसारखी द्रव्यंही मांजरीच्या शरीराला निकामी करता येत नाहीत. पायाला लागतात, ती चाटते, पिल्लं तिचं अंग चाटतात. साबणाचं पाणी आणि ऊन पुरेसं आहे. तिसरी, गोचीड-पिसवांची पावडर. कुत्र्यासाठीच्या किंवा गोठ्यातल्या कित्येक औषधांत परमेथ्रिन असतं, त्यानं मांजरीला झटके येऊन ती मरते. पिसवा झाल्या असतील तर बारीक दातांच्या फणीनं विंचरून साबणाच्या पाण्यात बुडवा आणि गाभण मांजरीला चालणारं औषध डॉक्टरांना विचारा. पिसवा सोडूनही चालणार नाही, त्या लहान पिल्लांचं रक्त शोषून जीव घेऊ शकतात.

जंताचं औषधही डॉक्टरांच्या सल्ल्यानं द्या. मांजरीचे जंत दुधावाटे पिल्लांत उतरतात. लस मात्र गाभणपणात नको. जिवंत विषाणूच्या लसीनं गर्भाचा लहान मेंदू, म्हणजे मेंदूतला तोल सांभाळणारा भाग, खुंटू शकतो आणि पिल्लं आयुष्यभर लटपटत चालतात.

परभणीला आणि लातूर जिल्ह्यात उदगीरला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींचीच गर्दी असते, तरी आधी एकदा जाऊन मांजर बघतात का ते विचारून ठेवा. रात्री दोन वाजता नंबर शोधत बसायची वेळ येऊ नये.

## व्यायची रात्र

व्यायच्या आधी बारा ते चोवीस तास बहुतेक मांजरी खाणं सोडतात, खोक्यातलं कापड उकरतात, सारख्या चाटतात, काही तर आपल्या मागंमागं फिरून ओरडतात. कळा सुरू झाल्या की दिवा मंद करा, मुलांना बाहेर पाठवा, आणि दुरून बघा. पहिलं पिल्लू आल्यावर पुढची साधारण अर्ध्या ते एक तासाच्या अंतरानं येतात. ती प्रत्येक पिल्लाची पिशवी फोडते, नाळ चावून तोडते, पिल्लामागून पडणारी वार खाऊन टाकते. वार खाते म्हणून घाबरू नका, अडवूही नका. किती वारा पडल्या ते मोजता आलं तर मोजा. एखादी आत राहिली तर सडते. सगळं उरकायला पूर्ण रात्र लागू शकते, आणि मधे काही तास ती निवांत पिल्लांना पाजत बसली तरी चालतं. तिचा चेहरा शांत आहे का, हे बघायचं.

डॉक्टरांकडे केव्हा पळायचं: जोरात कळा देऊन अर्धा तास झाला आणि पिल्लू नाही, पिल्लाचा भाग बाहेर येऊन अडकला, पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव आला, रक्त थांबत नाही, किंवा आत पिल्लं आहेत हे माहीत असून ती गळून पडली आहे. गाईचं वासरू ओढून काढतात तसं मांजरीचं पिल्लू कधीही ओढू नका.

एकच प्रसंग असा, जिथं तुम्हाला लगेच हात घालावा लागतो: पिल्लू पिशवीत आहे आणि माय लक्ष देत नाही. पिशवी तोंडाकडून फाडा, नाक-तोंड पुसा, कोरड्या मऊ फडक्यानं अंग चोळा. ते चिरकलं की आईजवळ ठेवा. नाळ तुटली नसेल तर पोटापासून दोन-तीन सेंटिमीटरवर दोऱ्यानं बांधून पलीकडे उकळलेल्या कात्रीनं कापा.

## चीक, वजन आणि सात घरं

गाईच्या चिकाचा खरवस आपण आवडीनं खातो, पण पहिल्या दिवशी वासराला तो पाजल्याशिवाय शेतकरी पुढं जात नाही. मांजरीतही तसंच. पहिल्या सोळा ते चोवीस तासांत जो चीक पोटात जातो त्यातूनच पिल्लाला रोगांपासून बचाव मिळतो. त्यानंतर आतडं तो घटक आत घेत नाही. म्हणून प्रत्येक पिल्लू चोखतंय ना, हे पहिल्या दिवशी बघाच.

जन्मताना पिल्लू साधारण ९० ते ११० ग्रॅमचं असतं आणि रोज दहा ग्रॅमच्या आसपास वाढतं. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यासारखा छोटा काटा असेल तर रोज एकदा वजन लिहून ठेवा. पिल्लू ओरडायच्या आधी काटा सांगतो की दूध पुरत नाही. डोळे आठवडा-दीड आठवड्यात उघडतात. पहिले तीन आठवडे पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, म्हणून कूलरचा झोत त्यांच्यावर नको. आणि आपल्या उन्हाळ्यात उलट बाजूचाही धोका असतो, म्हणून सरकायला गार कोपराही हवा.

"मांजर पिल्लांना सात घरं दाखवते" असं आपल्याकडे म्हणतात. ती आकडा मोजून हलवत नाही. जागा तापली, घाण झाली, मुंग्या आल्या, माणसं सारखी डोकावायला लागली किंवा बोका फिरकला, की ती पिल्लं मानगुटीला धरून हलवते. बोके परकी पिल्लं मारतात, तिची भीती खरी असते. ती वरचेवर हलवत असेल तर आपण काय बदलायचं ते शोधा. आणि माणसाचा हात लागला की माय पिल्लू टाकते, ही समजूत माणसाळलेल्या मांजरीबाबत खरी नाही. तरीही पहिला आठवडा वजनापुरतंच हाताळा.

माय दिसत नाही म्हणून पिल्लं लगेच उचलून आणू नका. ती शिकारीला, पाण्याला गेलेली असते. लांबून काही तास वाट बघा. ती खरंच आली नाही, तर आधी पिल्लू उबेत घ्या, मग मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर द्या, पालथं ठेवून, उताणं कधीच नाही. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या सुमारे दुप्पट प्रथिनं असतात. गाईच्या दुधावर पिल्लू वाढत नाही.

## घरात गरोदर बाई आहे, लहान मूल आहे

टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीमुळे ही भीती आहे, आणि ती निराधार नाही. गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला धोका असतो. पण हा परजीवी मांजरीच्या विष्ठेतून येतो, तोही बहुधा आयुष्यात एकदा, लागण झाल्यावरचे एक ते तीन आठवडे. आणि बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला त्याला किमान एक दिवस लागतो. म्हणून घमेलं रोज साफ करायचं, आणि ते काम गरोदर बाईनं करायचं नाही. बागेतल्या मातीत हात घालताना, कच्ची भाजी खाताना, अर्धवट शिजलेलं मटण खाताना तेवढीच काळजी घ्यायची. एवढं पाळलं तर सून गरोदर आहे म्हणून गाभण मांजर बाहेर काढायची गरज पडत नाही.

चावली किंवा ओरबाडलं तर मात्र कसलीही सबब नको. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करा. हळद, चुना, तिखट लावू नका. रेबीज मांजरीपासूनही होतो, आणि लक्षणं सुरू झाल्यावर त्यावर उपाय नाही.

## पिल्लं दिली, आता पुढचं वेत

चौथ्या आठवड्यापासून पिल्लांना भिजवलेलं किटन खाद्य द्यायला लागा. आठ आठवड्यांच्या आत कुणालाही देऊ नका. आईपासून लवकर तुटलेलं पिल्लू आजारीही पडतं आणि चावरंही होतं. रात्री पोत्यात घालून बाजारात सोडून येणं हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यातल्या कलम ११ खाली गुन्हा आहे.

आणि हे सगळं चालू असताना माय पुन्हा माजावर येऊ शकते, दूध पाजत असतानाही. पिल्लं चार-पाच महिन्यांची झाली की त्यांतल्या भाट्या, म्हणजे माद्याही, गाभण राहू शकतात. म्हणून नसबंदी, म्हणजे अंडाशय आणि गर्भाशय काढायची शस्त्रक्रिया. "तिचं आईपण हिरावून घेता, पाप लागेल," असं मला वडीलधाऱ्या बायकांनी तोंडावर म्हटलं आहे. त्यांचा मान राखून मी त्यांना आमच्या मांजरीची पाठ दाखवते. दुसऱ्या वेताला तिच्या पाठीचे मणके पुन्हा तसेच वर आले होते, चार पिल्लांतलं एक मेलेलं निघालं आणि दोन उन्हानं गेली. ते मी पाहिलं आहे. तिसरं वेत मला बघवलं नसतं.

पिल्लं तुटली, दूध आटलं की, साधारण दोन महिन्यांनी, शस्त्रक्रिया करता येते. तोवर तिला रात्री घरात ठेवा, बोका आत येईल अशा खिडकीला जाळी लावा. आदल्या रात्री किती वाजेपर्यंत खाऊ घालायचं हे डॉक्टर सांगतात, ते काटेकोर पाळा. परत आणल्यावर गार, शांत खोलीत वेगळं ठेवा आणि टाके चाटू देऊ नका. आमच्या मांजरीनं पहिला दिवस काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं उकडलेल्या चिकनचं पाणी चाटलं, मग वाटी रिकामी केली, आणि पुन्हा आईच्या ट्रंकेमागं जाऊन झोपली.